मुलाखतीत पोकरचा विषय काढावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. काही वर्षं तुम्ही हिशेब तपासणीचं काम करता आहात आणि आता एका मोठ्या कंपनीत वित्त विश्लेषकाच्या जागेसाठी मुलाखत आहे. सुट्टीच्या दिवशी तुम्ही पोकरच्या स्पर्धा खेळता आणि त्यात बऱ्यापैकी वरचे नंबर काढता. मित्र म्हणतो, बायोडेटात लिही, बाकीच्यांत उठून दिसशील. बहीण म्हणते, पैशाच्या खात्यात नोकरी मागायला जाताना जुगाराचं नावसुद्धा तोंडातून निघता कामा नये. आणि तुम्हाला स्वतःला खटकतंय ते वेगळंच: गप्प बसलो तर ते अप्रामाणिकपणाचं होईल का?

मी अनेक वर्षं टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसत आले आहे, बहुतेक वेळा वित्त आणि लेखा विभागातल्या जागांसाठी. त्या अनुभवावरून माझं उत्तर आधीच सांगून टाकते. तुम्ही सांगितलेल्या परिस्थितीत पोकर बायोडेटात लिहू नका आणि पहिल्या मुलाखतीत स्वतःहून काढू नका. थेट विचारलं तर मात्र खोटं बोलू नका. आणि विषय निघालाच तर काय बोलायचं हे घरून ठरवून जा. आता याची कारणं सांगते. ती सविस्तर सांगायला हवीत, कारण परिस्थिती थोडी बदलली की उत्तरही बदलतं.

हा प्रश्न आला की चर्चा लगेच एका ठरावीक वळणावर जाते: पोकर हा जुगार की कौशल्याचा खेळ? हा वाद तुम्ही जिंकू शकता. गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांनी १९२८ मध्ये खेळांच्या सिद्धांतावर मूलभूत निबंध लिहिला आणि पुढे पोकरमधल्या थापेबाजीचं गणितही मांडलं. २०१७ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या ‘लिब्रेटस’ या संगणक प्रणालीने चार व्यावसायिक खेळाडूंविरुद्ध २० दिवसांत १,२०,००० डाव खेळून त्यांना हरवलं. केवळ नशिबाचा खेळ असता तर इतक्या डावांनंतर तिला ठळक आघाडी मिळालीच नसती. शिवाय २००३ ची पोकरची जागतिक स्पर्धा जिंकून २५ लाख डॉलर मिळवणारा ख्रिस मनीमेकर तुमच्याच क्षेत्रातला, पेशाने अकाउंटंट होता. हे सगळं खरं आहे आणि मुलाखतीत त्याचा तुम्हाला जवळजवळ काहीच उपयोग नाही.

का, ते समजायला मुलाखत संपल्यावर काय होतं ते पाहावं लागेल. तुम्ही हात मिळवून बाहेर पडता. आतल्या माणसाकडे पुढच्या उमेदवाराआधी पाच-सात मिनिटं असतात. समोर एक छापील कागद असतो: तांत्रिक ज्ञान, विश्लेषण, संवाद, सचोटी, प्रत्येकापुढे गुणांचा चौकोन, आणि सगळ्यात खाली ‘इतर निरीक्षणं’ म्हणून दोन रिकाम्या ओळी. त्या ओळींत माणूस काय लिहितो? जे आठवतं ते. आणि पाऊण तासाच्या गप्पांतून जे हटकून आठवतं, ते बहुधा सगळ्यात अनपेक्षित असलेलं. एका जागेच्या निवडीत असा कागद माझ्यासमोर आला होता. उमेदवाराला विश्लेषणात चांगले गुण होते आणि खालच्या ओळीत एकच शब्द होता: ‘पत्ते?’. त्यापुढचं प्रश्नचिन्ह मला अजून डोळ्यांसमोर दिसतं. अंतिम बैठकीत पाच जण होते आणि त्यांतल्या तिघांनी त्या उमेदवाराला पाहिलेलंही नव्हतं. ज्यांनी पाहिलं होतं ते म्हणाले, मुलगा चांगला वाटला, हा विषय त्याने सहज काढला होता. ज्यांनी पाहिलं नव्हतं त्यांच्या हातात फक्त ते प्रश्नचिन्ह होतं. कुणीही वाईट बोललं नाही. एवढंच म्हटलं गेलं की दुसरा उमेदवारही तितकाच चांगला आहे, मग शंका कशाला ठेवायची?

मला तुम्हाला जे सांगायचं आहे ते सगळं या कागदात आहे. तुम्ही मुलाखतीत जे बोलता ते तुमच्या शब्दांत पुढे जात नाही. दुसऱ्या कुणीतरी त्याचा एका शब्दाचा सारांश केलेला असतो आणि तुम्हाला कधीच न भेटलेला माणूस तो वाचतो. म्हणून कुठल्याही वादग्रस्त छंदाबद्दल स्वतःला विचारायचा प्रश्न ‘मी हे पटवून देऊ शकतो का’ हा नाही. प्रश्न असा: याचा दोन शब्दांत सारांश झाला, तर ते दोन शब्द माझ्या बाजूने उभे राहतील की विरुद्ध? तुमच्या बाबतीत ते दोन शब्द ‘पोकर खेळतो’ असे असतील, आणि जागा कंपनीच्या पैशावर नजर ठेवण्याची आहे.

नकारात्मक गोष्टीचं वजन मुळातच जास्त पडतं, हेही लक्षात घ्या. मॅकगिल विद्यापीठात एडवर्ड वेबस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकापासून मुलाखतींचा अभ्यास केला. मुलाखतकार अनुकूल माहितीपेक्षा प्रतिकूल माहितीला जास्त महत्त्व देतात, असं त्यात दिसलं. माझा अनुभव तंतोतंत हाच आहे आणि त्याचं कारणही साधं आहे. चांगला उमेदवार हातचा गेला तर मुलाखत घेणाऱ्याला कुणी जाब विचारत नाही. वाईट माणूस घेतला तर निवडणाऱ्याचं नाव वर्षानुवर्षं निघतं. त्यामुळे निवड करणारी माणसं, विशेषतः सावध स्वभावाच्या खात्यांतली, नकाराची कारणं शोधत बसतात. तुमचं काम त्यांना असं कारण आयतं न देण्याचं आहे.

‘पण छंदामुळे माणूस लक्षात राहतो ना?’ हा तुमच्या मित्राचा मुद्दा चुकीचा नाही, अर्धा आहे. छंदाचा परिणाम होतो, फार होतो. लॉरेन रिव्हेरा आणि अँड्रास टिल्चिक यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मी नव्या मुलाखतकारांना नेहमी सांगते. अमेरिकेतल्या १४ शहरांतल्या ३१६ वकिली कार्यालयांना त्यांनी काल्पनिक विद्यार्थ्यांचे अर्ज पाठवले. शिक्षण आणि कामाचा अनुभव सगळ्यांचा सारखा. फरक फक्त नावात आणि छंदांसारख्या काही बारीक तपशिलांत होता: कुणाचे छंद शिडाच्या होड्या, पोलो आणि शास्त्रीय संगीत, तर कुणाचे धावण्याच्या शर्यती, मैदानावरचा फुटबॉल आणि कंट्री संगीत. श्रीमंती छंद असलेल्या पुरुषाच्या १६ टक्क्यांहून अधिक अर्जांना बोलावणं आलं. साधे छंद असलेल्या पुरुषाच्या अर्जांना सव्वा टक्क्याच्या आसपास. आणि तेच श्रीमंती छंद बाईच्या नावाखाली असले तर चार टक्क्यांहूनही कमी.

त्या शेवटच्या आकड्यावर जरा थांबा. छंद तेच, होडी तीच, तरी नाव बदललं आणि फायदा गेला. म्हणजे मुलाखत घेणारा छंद वाचत नाही. छंद आणि माणूस एकत्र ठेवून तो मनात एक चित्र तयार करतो आणि ते चित्र त्याच्या डोक्यात आधीपासून असलेल्या साच्यांतून येतं. लक्षात राहणं वेगळं आणि बाजूने लक्षात राहणं वेगळं. पोलोमुळे जे चित्र तयार होतं ते त्या कार्यालयांना हवंसं होतं. पोकरमुळे एका माणसाच्या डोक्यात संभाव्यतेचं गणित येईल, दुसऱ्याच्या डोक्यात कर्जात बुडालेला त्याचा एखादा नातेवाईक. तुमच्यासमोर यांतला कोण बसणार आहे हे तुम्हाला आधी कळायची सोय नाही.

तरीही उत्तर बदलू शकतं, आणि ते प्रामाणिकपणे सांगायला हवं. सगळ्यात मोठा फरक जागेमुळे पडतो. सस्क्वेहाना ही अमेरिकी ट्रेडिंग कंपनी आपल्या नव्या ट्रेडर्सना शिकवताना पोकर वापरते, आणि ही गोष्ट ती जाहीरपणे सांगते. अपुऱ्या माहितीवर निर्णय घेणं, निर्णय बरोबर असूनही निकाल उलटा लागू शकतो हे पचवणं, आणि हरल्याच्या रागात पुढचा डाव न बिघडवणं हे तिथे रोजचं काम आहे. अशा ठिकाणी पोकर न सांगणं म्हणजे स्वतःचं नुकसान. बाजारातल्या जोखमीचं मोजमाप, विम्याचं गणित, डेटा विश्लेषण, खेळांची आकडेवारी अशा जागांवरही मी थोडी सैल होईन. पण तुमची जागा मासिक अहवाल, अंदाजपत्रक आणि खर्चावरचं नियंत्रण यांची आहे. तिथे माणूस शोधला जातो तो चौकटीत राहणारा, आणि मुलाखत घेणाऱ्याच्या डोक्यात तोच शब्द असतो.

दुसरा फरक मुलाखतीच्या पद्धतीचा. काही ठिकाणी प्रश्न आधीच ठरलेले असतात, सगळ्यांना तेच विचारतात आणि प्रत्येक उत्तराला लगेच गुण देतात. काही ठिकाणी गप्पा जिकडे जातील तिकडे. पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये निवडपद्धतींवरच्या जुन्या संशोधनाची फेरतपासणी केली. पुढच्या कामाचा अंदाज बांधायला ठरीव मुलाखत सगळ्यांत वरचढ ठरली, तिचा पुढच्या कामाशी सहसंबंध ०.४२, आणि मोकळ्या मुलाखतीचा ०.१९ (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे अचूक अंदाज). ठरीव मुलाखतीत छंदाचा प्रश्न बहुधा येतच नाही. मोकळ्या मुलाखतीत तो हमखास येतो, आणि नेमकी तिथेच ‘माणूस आपल्यातला वाटला’ या भावनेवर निवड होते. म्हणजे जिथे छंदाबद्दल विचारतील तिथेच त्याचा धोका सगळ्यात जास्त. कंपनीत कुणी ओळखीचं असेल तर मुलाखत कशी घेतात एवढं आधी विचारून घ्या.

तिसरी गोष्ट कायद्याची. तुम्ही जिथे राहता तिथे तुम्ही खेळता तो प्रकार कायदेशीर आहे ना, याची आधी खात्री करा. ही मोकळीक जागोजागी वेगळी असते आणि बदलतही असते. भारतात २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना मनाई केली. काल जो छंद होता तो एका अधिवेशनात नियमभंग ठरू शकतो. बेकायदेशीर असेल तर मुलाखतीत सांगावं की नाही हा प्रश्नच उरत नाही. आधी खेळणं थांबवायला हवं.

आता तुमच्या मनातल्या खऱ्या बोचणीकडे येते. न सांगणं म्हणजे लपवणं का?

मला तसं वाटत नाही, आणि हे मी अगदी मनापासून सांगते आहे. मुलाखत हा तुमच्या आयुष्याचा जबाब नसतो. तुम्ही तिथे धर्म सांगत नाही, आजार सांगत नाही, घरातले वाद सांगत नाही, आणि त्यासाठी कुणी तुम्हाला खोटारडं म्हणत नाही. फ्रान्सच्या कामगार कायद्यात ही रेघ छान आखली आहे. उमेदवाराला विचारलेली माहिती त्या कामाशी थेट आणि आवश्यक संबंध असलेलीच हवी, आणि तशा प्रश्नाला उमेदवाराने सचोटीने उत्तर द्यायला हवं. कायदा तुमच्या देशाचा नसला तरी ही दोन्ही टोकं धरून ठेवण्यासारखी आहेत. कामाशी संबंध नसलेलं स्वतःहून सांगायचं बंधन तुमच्यावर नाही. पण विचारल्यावर खोटं बोलायची मुभाही नाही.

खोटं बोलू नका असं मी म्हणते ते नीतीसाठी तर आहेच, पण व्यवहारही तेच सांगतो. छंद वादग्रस्त असला तर फार तर एक नोकरी जाईल. पण मुलाखतीत ‘पत्ते? छे, कधीच नाही’ म्हणालात आणि वर्षभराने ते उघड झालं, तर प्रश्न पोकरचा राहत नाही, तुमच्या शब्दाचा होतो. हिशेबाच्या खात्यात शब्द गेला की सगळंच गेलं. अर्जातल्या खोट्या माहितीवरून रुजू झाल्यानंतर कितीतरी काळानेही माणसाला काढता येतं, आणि त्या वेळी त्याच्या बाजूने बोलायला कुणी उभं राहत नाही.

आणि तुमच्या बाबतीत ते उघड होण्याची शक्यता बरीच आहे. तुम्ही स्पर्धा खेळता. ‘हेंडन मॉब’ नावाच्या संकेतस्थळावर जगभरच्या पोकर स्पर्धांचे निकाल खेळाडूंच्या नावानिशी असतात. तुमचं नाव टाकून आजच शोधून पाहा. तिथली एक गोष्ट मुलाखतीआधी नीट समजून घ्या: त्या यादीत बक्षिसाच्या रकमा दिसतात, पण त्या मिळवायला किती स्पर्धांची प्रवेश फी भरली, किती वेळा हात हलवत परत आलात, हे दिसत नाही. म्हणजे एखादा मुलाखतकार तुमचं नाव शोधेल आणि त्याला ढोबळ बेरीज दिसेल. तो हिशेबी माणूस असेल तर लगेच दोन शंका काढेल: इतके पैसे लावायला हा आणतो कुठून, आणि इतके मिळत असतील तर नोकरी कशाला हवी? दोन्ही शंका निराधार, पण तुमच्यापाठी काढलेल्या. म्हणून नाव शोधल्यावर पहिल्या पानावरच पोकर येत असेल तर माझा सल्ला बदलतो. मग अंतिम फेरीत, प्रत्यक्ष ज्यांच्या हाताखाली काम करायचं आहे त्या व्यक्तीसमोर, योग्य जागा पाहून तुम्हीच सांगा. पहिल्या फेरीत नाही, कारण तिथे तुम्हाला अजून कुणी ओळखत नाही. अंतिम फेरीपर्यंत त्यांच्याकडे तुमच्याबद्दल चार चांगल्या गोष्टी जमा झालेल्या असतात आणि ही पाचवी त्यांच्या शेजारी बसते.

सांगायचं कसं? इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण चांगल्या चांगल्या उमेदवारांची गाडी इथेच घसरताना पाहिली आहे. विषय निघाला की बहुतेक जण बचावात जातात. ‘लोकांना वाटतं तसा तो जुगार नाही हो’ असं पहिलं वाक्य येतं आणि समोरच्याने न उच्चारलेला शब्द आपणच टेबलावर ठेवतो. मग नियम समजावणं, टक्केवारी, प्रसिद्ध खेळाडूंची नावं. चार मिनिटं जातात. कागदावर तोवर ‘जुगार, बरंच बोलला’ असं लिहून झालेलं असतं.

त्याऐवजी तीन वाक्यांत संपवा. तुमच्या तोंडी बसेल असं काहीसं: ‘सुट्टीच्या दिवशी मी पोकरच्या स्पर्धा खेळतो. प्रवेश फी आधी ठरलेली असते, त्यापलीकडे एक पैसा जात नाही, आणि वर्षाची रक्कमही मी आधीच ठरवून बाजूला काढतो. प्रत्येक स्पर्धेची नोंद ठेवतो, भरलेले, मिळालेले आणि कुठला निर्णय चुकला ते सगळं.’ मग थांबा. यातलं प्रत्येक वाक्य खरं असेल तरच बोला. खरं असेल तर पाहा, सारांश करणाऱ्याच्या हातात आता कुठले शब्द आहेत: मर्यादा, नोंदी, शिस्त. सारांश तर होणारच आहे, पण त्याचा कच्चा माल तुम्ही दिलेला आहे.

त्यातही एक खबरदारी घ्या. तुमच्या स्पर्धेत हरल्यावर पुन्हा फी भरून उतरायची सोय असेल आणि तुम्ही ती वापरत असाल, तर ‘त्यापलीकडे एक पैसा जात नाही’ हे वाक्य खोटं ठरतं. मग म्हणा, ‘जास्तीत जास्त दोनदा.’ पोकर जाणणारा एखादा मुलाखतकार नेमकं हेच विचारेल, आणि त्याला अचूक उत्तर मिळालं की तो तुमच्या बाजूला येतो. अशा माणसाशीही डावांच्या गप्पांत वाहवत जाऊ नका. तो खुलतो, आपण खुलतो, आणि शेजारी बसलेल्या तिसऱ्या माणसाला वाटतं की दोघं मिळून कामाचा वेळ घालवताहेत. थापा मारून मोठा डाव कसा जिंकला हे तर अजिबात सांगू नका. टेबलावर ते कौशल्य आहे. लेखा विभागाच्या कानाला ते ‘हा माणूस चेहरा न बदलता खोटं बोलू शकतो’ असं ऐकू येतं.

‘कामाव्यतिरिक्त काय करता?’ असा मोघम प्रश्न आला तर तुमच्या आयुष्यात पोकरशिवायही काहीतरी असेलच. चालायला जाता, वाचता, भाचरांना गणित शिकवता, जे खरोखर करता ते सांगा. हे उत्तर पूर्ण खरं असतं. फक्त प्रश्नासाठी म्हणून एखादा छंद बनवू नका. मी वाचनाची आवड सांगणाऱ्याला शेवटचं काय वाचलं हे विचारतेच, आणि तिथे येणारी शांतता पोकरपेक्षा वाईट.

पोकरमुळे तुमच्या अंगात जे आलं आहे ते मुलाखतीबाहेर ठेवा असं मात्र मी म्हणत नाही. ते कामाच्या उदाहरणांतून येऊ द्या. ‘अपुऱ्या माहितीवर निर्णय घ्यावा लागला असा प्रसंग सांगा’ हा प्रश्न वित्ताच्या मुलाखतीत नेहमी असतो. तिथे हिशेब तपासणीतला प्रसंग सांगा: कुठली कागदपत्रं नव्हती, कुठल्या शक्यता धरल्या, प्रत्येकीला किती वजन दिलं, आणि नवा कागद हाती आल्यावर मत कसं बदललं. ही विचारपद्धत तुम्ही पत्त्यांच्या टेबलावर घोटली आहे हे कुणाला कळायची गरज नाही. गुण तिलाच मिळतात.

हाच प्रश्न दुसऱ्या छंदांबद्दल विचारणारे बरेच जण असतील, म्हणून थोडं त्यांच्यासाठी. प्रत्येक वादग्रस्त छंद समोरच्याच्या मनात एक ठरावीक भीती जागी करतो, आणि ती भीती त्या जागेशी जुळते का हे पाहायचं. कड्यावरून पॅराशूट घेऊन उडी मारणाऱ्याबद्दल धास्ती असते ती जिवाची आणि दीर्घ रजेची. सॉफ्टवेअरच्या जागेला ती फारशी नडत नाही, कारखान्यातल्या सुरक्षा अधिकाऱ्याच्या जागेला नडते. शिकार, टॅरो, भुताटकीच्या जागांचा शोध यांत प्रश्न मूल्यांचा आणि समजुतींचा असतो. तिथे समोरच्याचं मत आधीच पक्कं असतं आणि तुमच्या बोलण्याने ते हलत नाही, म्हणून मी गप्प राहायला सांगते. राजकीय कार्य हा तर छंदच नव्हे, ते नागरिक म्हणून तुमचं आयुष्य आहे. पण मुलाखतीतल्या परिणामाच्या बाबतीत ते याच रांगेत येतं. कुलपं उघडण्याचा छंद मात्र माहिती सुरक्षेच्या क्षेत्रात कौतुकाचा विषय आहे, आणि रोकड सांभाळण्याच्या जागेसाठी तोच सांगितला तर खोलीत एकदम शांतता पसरेल.

काहींना वाटतं, कायदा आहे ना पाठीशी. काही ठिकाणी आहे. न्यूयॉर्क राज्यात फावल्या वेळातल्या कायदेशीर करमणुकीवरून नोकरी नाकारता येत नाही, आणि त्यात खेळ आणि छंद स्पष्ट लिहिलेले आहेत. पण ती करमणूक मोबदला न घेता केलेली असावी अशी अटही आहे, त्यामुळे बक्षिसाच्या रकमेचं काय, हा वकिलाला विचारायचा प्रश्न होतो. कोलोरॅडोचा तसाच कायदा आहे, पण तो नोकरीवरून काढून टाकण्याबद्दल बोलतो. आणि कायदा असला तरी नकाराचं कारण कुणी लेखी देत नाही. ‘दुसरा उमेदवार अधिक योग्य वाटला’ एवढंच कळतं.

एक अपवाद मी मनापासून मानते. काही जणांसाठी तो छंद इतका जवळचा असतो की तो दाबून रोज आठ-नऊ तास वावरणं त्यांना जमत नाही. अशी माणसं मला म्हणतात, ज्या ठिकाणी हे चालत नाही तिथे मला जायचंच नाही. हे पूर्ण योग्य आहे आणि अशांनी पहिल्याच फेरीत सांगून टाकावं. फक्त किंमत माहीत असू द्या: काही दारं बंद होतील, आणि हातातली नोकरी टिकून असतानाच हे परवडतं. तुमच्या लिहिण्यावरून पोकर तुम्हाला प्रिय आहे, पण तुमची ओळख त्यावर उभी नाही असं मला वाटलं. तसं नसेल तर माझं उत्तर बाजूला ठेवा.

आणखी एक विचारते, रागावू नका. तुमच्या नोंदी नीट आहेत ना? म्हणजे भरलेलं आणि मिळालेलं यांची वजाबाकी तुम्ही स्वतः पाहता ना, आणि खेळण्यासाठी कधी कुणाकडून उसने घेतलेले नाहीत ना? वित्त क्षेत्रातल्या बऱ्याच कंपन्या नेमणुकीआधी उमेदवाराचा कर्जाचा इतिहास तपासतात. तिथे थकलेले हप्ते दिसले तर पोकरचं नाव न काढताही नोकरी जाते. हिशेब सरळ असेल तर ही ओळ तुमच्यासाठी नव्हती असं समजा. सरळ नसेल, तर मुलाखतीआधी ज्याच्याशी मोकळेपणी बोलता येईल अशा एका माणसाशी बोला. तो प्रश्न नोकरीपेक्षा मोठा आहे.

शेवटी नेमणूकपत्र हातात आल्यानंतरचं. रुजू होताना फॉर्मचा एक गठ्ठा देतात आणि त्यात बहुधा ‘नोकरीबाहेरचे व्यवसाय आणि उत्पन्न’ असा एक कागद असतो. लोक तो न वाचता ‘लागू नाही’ लिहून टाकतात. तुम्ही वाचा. फक्त हौशी स्पर्धा खेळत असाल तर बहुतेक ठिकाणी सांगण्यासारखं काही नसतं, पण फॉर्ममध्ये ‘इतर कोणतंही उत्पन्न’ असं विचारलं असेल तर बक्षिसं त्यात येतात. तुम्ही कुणाला पैसे घेऊन पोकर शिकवत असाल, किंवा एखाद्या प्रायोजकाचं चिन्ह अंगावर लावून खेळत असाल, तर तो व्यवसाय झाला आणि तो लिहायलाच हवा. शंका असेल तर एचआरला ईमेलवर विचारा, तोंडी नको. ‘सुट्टीच्या दिवशी पत्त्यांच्या स्पर्धांत भाग घेतो, कधी कधी बक्षीस मिळतं, हे इथे नमूद करायचं का?’ एवढा साधा प्रश्न पुरतो. त्यांचं उत्तर आणि भरलेल्या फॉर्मची प्रत दोन्ही तुमच्या घरच्या ईमेलवर जपून ठेवा.